शिक्षेचा अधिकार : शंकर नगरातल्या नवशिक्यांसाठी

बाबांची बदली झाली आणि तू नागपूरच्या शंकर नगरातून थेट रायपूरच्या शंकर नगरात आलास. मध्ये जेमतेम तीनशे किलोमीटर. लिपी तीच, उन्हाळा तोच, चौकातली चहाची टपरीसुद्धा तशीच. तेव्हा सगळं ओळखीचंच आहे, असा तुझा समज होणार. तो शाळेच्या फाटकापर्यंत टिकेल.

फाटकावर लिहिलं असेल 'पूर्व माध्यमिक शाला'. म्हणजे सहावी ते आठवी. आपल्याकडे याला उच्च प्राथमिक म्हणतात. आतला वर्ग तोच, फक्त हुद्दा बदलला. यात आनंद मानायचा की दुःख, ते पहिल्या घटक चाचणीनंतर ठरव.

सुरुवात पाट्या वाचण्यापासून कर, आणि वाचताना घाबरू नकोस. 'जिला शिक्षा अधिकारी' हा गृहस्थ जिल्हाभर जीप फिरवून मुलांना शिक्षा करत नाही. 'माध्यमिक शिक्षा मंडल' म्हणजे फार कडक नाही, फार सौम्य नाही, अशी मध्यम शिक्षा ठरवणारं मंडळ नव्हे. आणि 'शिक्षाकर्मी' म्हणजे जल्लाद तर मुळीच नव्हे. पंचायतीनं तुटपुंज्या पगारावर नेमलेले ते गुरुजी होते. त्यांना शिक्षण विभागात सामावून घ्यायला २०१८ साल उजाडलं. इकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. मी सहावीत या शहरात आलो तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, "अब तक शिक्षा कहाँ हुई?" मी प्रामाणिकपणे तळहात पुढे करून दाखवला. उद्धट समजून त्यांनी त्यावर आणखी एक दिली. शाळेचं नाव सांगत नाही. त्या छडीनंतर दोन्ही भाषांमधली माझी शिक्षा तिथे रीतसर सुरू झाली.

आणखी काही शब्द पाठ करून टाक. आपला दाखला घेऊन मूल शाळेबाहेर पडतं, इकडचा 'दाखिला' घेऊन आत शिरतं. तुझ्याकडे सध्या एक आहे आणि दुसरा हवा आहे. 'अवकाश' म्हणजे सुट्टी, तिथे रॉकेट जात नाही. प्रगतिपुस्तकात 'और चेष्टा करें' असा शेरा आला, तर तो परवाना समजू नकोस. चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्या वर्गातल्या एका देशपांड्यानं तो शेरा मराठीत अमलात आणला होता. पुढचा शेरा हिंदीतही स्पष्ट होता.

आता हक्क. तुझा मुख्य आधार म्हणजे २००९चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं हिंदी नाव 'निःशुल्क और अनिवार्य बाल शिक्षा का अधिकार अधिनियम'. मराठी कानाला हे 'लहान मुलांना फुकट आणि सक्तीची शिक्षा' असं ऐकू येतं. आमच्या पिढीला ती कायद्याशिवायच मिळत होती. पण मजकूर वाचलास तर बरं वाटेल. कलम १७ म्हणतं, मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही; जो करील त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई. नीट वाच: या कलमातली शिस्तभंगाची कारवाई मुलावर नाही, मोठ्यावर आहे. मला तर हे वाचून पन्नाशीत गुदगुल्या झाल्या.

कारवाई नेमकी कशासाठी, हेही कुणीतरी बसून लिहून काढलं आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बाकावर उभं करणं आहे, गुडघ्यांवर बसवणं आहे, डोक्यावर दप्तर देऊन उभं करणं आहे, पाठ भिंतीला लावून हवेतल्या खुर्चीवर बसवणं आहे आणि पायांमधून हात घालून कान धरायला लावणं आहे. शेवटचा प्रकार म्हणजे आपला कोंबडा, इकडचा मुर्गा. दिल्लीतल्या एखाद्या कचेरीत कुणा अधिकाऱ्यानं त्या आसनाची व्याख्या शोधताना खुर्ची मागे सारून एकदा करून पाहिलं असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. जातीवरून, आईबापांच्या धंद्यावरून टोचून बोलणंही त्याच सूचनांत बसतं. त्याला आसन लागत नाही, म्हणून ते जास्त चालतं.

हक्क बजावण्याची वेळ मात्र जपून निवड. कान दुसऱ्याच्या हातात असताना कलम १७ म्हणू नये. आधी कान सोडवून घे, घरी जा, आईला सांग. "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य तिच्याकडून येईलच. ते ओसरू दे आणि मग पुन्हा सांग.

जबाबदाऱ्यांचा धडा लहान आहे, याचं मलाही आश्चर्य वाटलं. प्रार्थनेच्या रांगेत त्या तुला रोज ऐकाव्या लागतील: वेळेवर या, नखं कापा, केस बारीक ठेवा, बुटांना पॉलिश करा. पण त्या कायद्यात सरकारची कर्तव्यं आहेत, स्थानिक संस्थेची आहेत, आईबापांची आहेत, शाळेची आणि शिक्षकांची आहेत. मुलाच्या कर्तव्यांचं प्रकरण शोधून थकलो, नाही सापडलं. वेळेवर आणि नियमित येणं हे कलम २४ प्रमाणे शिक्षकांचं कर्तव्य आहे. ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पुरा करणंही त्यांचंच. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून तुला फाटकाबाहेर उभं केलं, तर हे मनात म्हण. मोठ्यानं म्हणायचं असेल, तर वरचा परिच्छेद पुन्हा वाच.

तरी वेळेवर जा. तेलीबांध्याकडच्या वाहतुकीत अडकलेली रिक्षा ही सबब या शहरात तुझ्या आधी हजारोंनी वापरून झिजवली आहे.

मॉनिटर नावाच्या प्राण्याबद्दल कायदा गप्प आहे. हा मुलगा सर वर्गाबाहेर गेले की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. त्याचं स्वतःचं नाव कधी फळ्यावर येत नाही. त्याला डब्यातला चीला द्यावा.

परीक्षेबद्दल घरात दोन मतं असतील. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, हे मामाचं ज्ञान २०१९च्या आधीचं आहे. त्या साली कायद्यात 'संशोधन' झालं (इकडे संशोधन म्हणजे दुरुस्ती, प्रयोगशाळा नव्हे) आणि पाचवी-आठवीच्या परीक्षेत अडकलेल्या मुलाला दोन महिन्यांच्या आत दुसरी संधी, तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात थांबवण्याची मुभा सरकारांना मिळाली. आठवी पुरी होईपर्यंत शाळेतून काढून टाकता मात्र येत नाही.

आईबाबांसाठी एकच सूचना. सरकारी शाळा असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तेव्हा आईनं तिथे चहाची व्यवस्था बघायला जाऊ नये. विनाअनुदानित खासगी शाळेला ही समिती सक्तीची नाही. तिथे फी भरताना जो आवाज निघतो तोच जपून ठेवावा.

इथे थट्टा थोडी बाजूला ठेवतो. २०२४ मध्ये बिलासपूरच्या छत्तीसगड उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. सहावीतल्या एका मुलीनं जीव दिला होता, शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला होता आणि तो रद्द करावा अशी मागणी होती. न्यायालयानं ती फेटाळली. शिस्तीच्या नावाखाली मारणं हा शिक्षणाचा भाग असू शकत नाही, आणि मूल लहान आहे म्हणून ते मोठ्यापेक्षा कमी माणूस ठरत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. सहावी म्हणजे तुझाच वर्ग. म्हणून सांगितलं.

संध्याकाळी बीटीआय मैदानाकडे फेरी मारून ये. मेळे-प्रदर्शनं भरतात तेच मैदान. बीटीआय म्हणजे बुनियादी शिक्षणाच्या गुरुजींना घडवणारी संस्था, आणि त्या कल्पनेचं मूळ आपल्या वर्ध्यात, १९३७ साली गांधीजींनी बोलावलेल्या परिषदेत. हाताला काम देऊन शिकवा, असं तिथे ठरलं होतं. हाताला छडी द्या, असं नाही. त्याच आवारात राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद आहे. इथल्या सरकारी शाळांची पाठ्यपुस्तकं तिथे तयार होतात. म्हणजे शिक्षा हा शब्द ज्यांनी छडीपासून सोडवायचा, ती मंडळी तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसतात. कायदा हिंदी बोलतो आणि पुष्कळ वर्गखोल्या अजून मराठीच बोलतात, एवढीच अडचण आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर १०९८ हा आकडा लिहून ठेव. मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.