शिळ्या पावाची शाही सहल

इटलीतल्या टस्कनीत निघणाऱ्या खाद्य-मद्य सहलींचे जाहीर अभिनंदन केलेच पाहिजे. बसभर अनोळखी माणसे कियांतीच्या टेकड्यांवर उतरतात, ग्लास तिरका धरतात, फिरवतात, त्यात नाक खुपसतात, ‘माती जाणवते हं’ म्हणतात आणि घोट बादलीत थुंकतात. 1716 साली ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोने या द्राक्षभूमीच्या सीमा आखून दिल्या, त्या बहुधा या बादलीसाठीच. मग रिबोलिता: बिनमिठाचा शिळा पाव, पांढरा घेवडा, काळा कोबी, सगळे कालचे, पुन्हा उकळलेले. कुळांच्या घरी हे नाइलाजाने शिजे. आता त्यासाठी टेबल राखून ठेवावे लागते. सुगीत तर पैसे भरून द्राक्षेही तोडू देतात.

आमची नम्र सूचना एवढीच, की काम अर्धवट सोडू नये. इथल्या ‘मेद्झाद्रिया’ बटाईत कूळ अर्धे पीक मालकाला देई. 1964 च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. ते पर्यटकांसाठी खुले करावेत. ओलसर खोली आणि कारभाऱ्याच्या शिव्या प्रीमियम पॅकेजात. कुळाला उरलेले अर्धे तरी मिळे. पर्यटकाने तेवढा हट्ट धरू नये.

इच्छुकांनी आगाऊ रक्कम भरावी. कात्री स्वतःची आणावी.