चेहरा दाखवा, पाकीट न्या

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. वजनकाट्यापासून निघालेली गाडी आता पोषण ट्रॅकर ॲपवर आलीय. घरपोच आहाराचं पाकीट हवं, तर आईचा चेहरा ॲपने ओळखायला हवा. अंगणवाडीताई तिला लग्न होऊन आल्यापासून ओळखतात, पण त्या ओळखीला विचारतो कोण? ‘उजेडात ये गं, पदर मागे घे, हलू नकोस.’ ॲप गोल गोल फिरतं. रेंज शाळेच्या कट्ट्यावर, म्हणून वरात तिकडे. तोवर गाणी, गोष्टी, ठोकळे (हेच ते पूर्वशालेय शिक्षण) मदतनीसताईंच्या गळ्यात. त्या खिचडी ढवळताहेत. एवढं सगळं करूनही अंगणवाडी सेविका मात्र अजून मानसेवीच. केंद्राने २०१८मध्ये मानधन ४,५०० रुपये केलं. पुढच्या वाढीचा विषय निघाला की रेंज थेट दिल्लीतच जाते.