आधी पाणी विचारा

स्टीम जनरेटर इस्त्री घ्यायला दुकानात गेलं की दोन आकडे पुढे केले जातात. वॅट किती आणि वाफ किती. २४०० वॅट, मिनिटाला १२० ग्रॅम वाफ! साध्या स्टीम इस्त्रीतून मिनिटाला वीस-तीस ग्रॅम निघते, म्हणून हा आकडा डोळ्यांत भरतो. पण ‘तुमच्या गावाला पाणी कसं आहे?’ हे सहसा विचारलं जात नाही. बुलढाणा जिल्ह्यात, त्यातही घाटाखाली, पहिला प्रश्न हाच हवा.

यंत्र कामाचं आहे, हे आधी सांगून टाकते. टाकी खाली बाजूला राहते, नळीतून वाफ वर येते, त्यामुळे हातातली इस्त्री हलकी. दाबाची वाफ सुती कापडाच्या आरपार जाते. धागा एकाच वेळी ओला आणि गरम होतो, सुरकुती सुटते. पांढरा सदरा, धोतर, जाड सुती साडी यांच्यावर पाणी शिंपडून पुन्हा पुन्हा जोर लावायचा, ते काम एक-दोन फेऱ्यांत होतं. आठवड्याचा ढीग एकटी बाई उभ्यानं उपसते त्या घरात तिच्या मनगटाची किंमत लावा. मग ही इस्त्री चैनीची वाटणार नाही.

आता पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि आपला जिल्हा असा पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या माणसाला खारं पाणी म्हणजे काय ते शिकवायला नको. पाण्याची वाफ होते तेव्हा फक्त पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, १००० असेल तर लिटरमागे एक ग्रॅम. रोज दोन लिटर वाफ काढली तर महिन्याला ६० ग्रॅम क्षार त्या बंद भांड्यात साचतो. त्यातला चुना तळाला थर धरतो, तापायला वेळ लागतो, वाफेची भोकं बुजतात आणि एक दिवस धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी डाग पडतात. घाटावर राहणाऱ्यांनीही बोअरचं पाणी असेल तर खात्री करूनच घ्यावं.

म्हणून निवडताना मी वाफेच्या आकड्याआधी एकच गोष्ट बघेन: साचलेला क्षार बाहेर कसा काढायचा? खालच्या बाजूला फिरकीचं झाकण असलं, ते उघडून गाळ धुऊन टाकता आला, तर ते मॉडेल आपलं. सफाई फक्त सर्व्हिस सेंटरलाच होत असेल तर नको. त्यासाठी अकोला-छत्रपती संभाजीनगरच्या खेपा कोण घालणार? झाकण मात्र यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं.

पाणी आरओचं वापरा, किंवा माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात मिसळून. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी चुकूनही टाकीत ओतू नका, सगळा क्षार त्यातच गोळा झालेला असतो. बॅटरीचं पाणीही नको. कित्येक कंपन्या त्याला स्पष्ट मनाई करतात.

दुसरी अडचण विजेची. २४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर दहा अँपिअरहून जास्त. पंख्या-दिव्यांच्या बोर्डावरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही, सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि तशीच जाड वायर लागते. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की याच इस्त्रीची ताकद १५०० वॅटच्याही खाली जाते. खोक्यावरचा आकडा पूर्ण दाबाच्या विजेसाठी असतो. आपल्या गल्लीतला दाब मोजून मगच पैसे मोजा.

घरात टेरीकॉटचे गणवेश आणि चार शर्ट एवढंच असेल तर हजार वॅटची साधी इस्त्री पुरते. तिथं हा खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे.

खरी गरज आहे ती परिटाला. दिवसभर कोळशाची जड इस्त्री ओढायची, धूर सोसायचा आणि वर शर्टावर ठिणगी पडायची धास्ती. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये धोबीकाम आहे. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, व्याज पाच टक्के. या पैशातून घरगुती मॉडेल मात्र घेऊ नये. दुकानात वापरल्यावर त्याची वॉरंटी बहुधा लागू राहत नाही आणि आठ-आठ तास चालायला ते बनवलेलंही नसतं. धंद्याचा बॉयलर घ्यावा, रोज खालून पाणी सोडता येईल असा. रोज पाच लिटर खारं पाणी आटवलं तर त्याच हिशेबानं ५० दिवसांत पाव किलो क्षार जमतो, आणि कर्जाचे हप्ते चालतात १८ महिने. तेव्हा अर्ज भरतानाच फिल्टरच्या पाण्याच्या जारचा महिन्याचा खर्च धरा आणि एका कपड्याच्या इस्त्रीचा दर त्यावरून ठरवा. गिऱ्हाइकांनीही त्या वाढीव रुपयावरून परिटाशी घासाघीस करू नये.