डोसामास्तर आज कुठल्या शाखेत?

दादर, ठाणे, डोंबिवली आणि वाशी अशा चार शाखांच्या उडुपी हॉटेलात ज्याला सगळे ‘साहेब’ म्हणतात आणि ज्याचं कुणीच ऐकत नाही, तो ऑपरेशन मॅनेजर. शनिवारी रात्री गल्ला बंद झाला की तो पुढच्या आठवड्याचा ड्युटी चार्ट बनवतो, त्याचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि घरी जातो. ग्रुपवर पटापट अंगठे उमटतात. चार्ट पाहिला, एवढंच त्यातून कळतं. कामावर येणार असं कुणीही लिहून दिलेलं नसतं.

शेटच्या मुलाने एमबीए करून आल्या आल्या या कामासाठी एक अॅप घेतलं. बटण दाबलं की वेटर दादरहून वाशीला. पण दादरच्या दोन वेटरांची टिपेवरून जुंपल्यापासून ते एका हॉलमध्ये उभे राहत नाहीत, वाशीचा भंडारी कोठीची किल्ली दुसऱ्याच्या हाती देत नाही, आणि मोरीवरच्या एकाला डोंबिवलीला धाडलं की त्याचा भाऊही मागोमाग निघतो, हे बटणाला कोण सांगणार? शिवाय अॅप फक्त डोकी मोजतं. बारा वेटर जादा असले तरी त्यांतून एक डोसामास्तर होत नाही.

डोसामास्तर हे स्वतंत्र संस्थान आहे. तो कुंदापूरचा असो की दरभंग्याचा, तव्यामागे उभा राहिला की ‘अण्णा’. दादरच्या अण्णांना एका दिवसासाठी ठाण्याला पाठवलं, तर ते आधी तव्याकडे बघतात, मग मॅनेजरकडे. पाणी शिंपडतात, हिराच्या झाडूने तवा झाडतात, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवतात आणि पहिला डोसा घालतात. तो चिकटतो. दुसराही चिकटतो. पाचव्यापर्यंत तवा, पीठ आंबवणारा आणि अख्खं ठाणे शहर यांना नावं ठेवून होतात. सहाव्यापासून डोसा सुटायला लागतो, आणि तेवढ्यात दादरहून कॅप्टनचा फोन येतो: “साहेब, अण्णा कुठेत? गिऱ्हाईक उठून चाललंय!”

हे सगळं रविवारी घडतं. हॉटेलाचा सर्वांत गर्दीचा दिवस तोच रेल्वेच्या दुरुस्तीचा, ही मुंबईची जुनी व्यवस्था. रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर यांच्या डागडुजीसाठी साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर बऱ्याचदा माटुंगा-मुलुंड, हार्बरवर पनवेल-वाशी. वेळ नेमकी जेवणाची आणि टप्पा नेमका आपल्याच शाखांमधला! कसलेला मॅनेजर आधी ब्लॉक वाचतो आणि मग चार्ट लिहितो. नवखा उलटं करतो आणि दुपारी एक वाजता टाय खिशात कोंबून स्वतः चटण्या वाढत फिरतो.

केबिनमध्ये टांगलेल्या कालनिर्णयवर म्हणूनच लाल पेनाच्या खुणा दिसतात. आषाढीला साबुदाणा आदल्या रात्री भिजवायला जादा माणूस हवा. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. प्रभादेवीला सिद्धिविनायकाची रांग लागते आणि दादरची शाखा उपासाच्या थाळीखाली दबून जाते. पंचांग गिऱ्हाइकाला उपास सांगतं आणि मॅनेजरला ओव्हरटाइम.

सुट्ट्यांचं मात्र पंचांगावर ठरत नाही, ते ठरतं रेल्वेच्या आरक्षणावर. नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आली. छठसाठी गावी जाणारा तंदूरवाला आणि गणपतीला कोकणात जाणारा गल्लेवाला, दोघेही बरोबर साठाव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइलवर अंगठा धरून बसलेले असतात. त्या वेळी नाश्त्याचं टेबल कुणी बघत नाही. रजेचा अर्ज येतो महिनाभराने, तोही तोंडी: “साहेब, तिकीट कन्फर्म आहे.” यावर नकार देणारा मॅनेजर अजून जन्माला यायचा आहे.

कायद्यानेही यात आपली भर घातली आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला. मूळ कायद्यानुसार दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. त्यावर काम केलं तर दुप्पट मजुरी. सकाळी हजर झाल्यापासून रात्री सुटेपर्यंतचा पसारा साडेदहा तासांचा, आणि अधूनमधून चालणारं किंवा तातडीचं काम असेल तर बारा तासांचा. आता हॉटेलातली ब्रेक ड्युटी बघा: अकरा ते चार, मग सात ते अकरा. काम नऊ तास, पसारा बारा. काठावर बसलं! दर रविवारी न चुकता येणारी गर्दी तातडीची कशी, हे मात्र शेटला विचारायचं नसतं.

मधले तीन तास पोरांचे. ज्यांची खोली जवळ ते खोलीवर जातात. बाकीचे फॅमिली रूममध्ये खुर्च्या जोडून, डोळ्यांवर फडकं टाकून आडवे होतात. चार्जिंगच्या एका प्लगवरून इथेही भांडण होतंच.

याच कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या, मालक आणि कामगारांनी आपसात ठरवायच्या. कलम लिहिणाऱ्याने हॉटेलचा भटारखाना पाहिलेला नसावा. मालवणी, कुंदापुरी, बिहारी आणि नेपाळी मंडळींनी चार सणांवर एकमत करायचं म्हणजे शिमगा, दीपावली, छठ आणि दशैं यांचं आघाडी सरकार बनवण्यासारखं आहे.

गंमत अशी की आपला कायदा येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी न्यूयॉर्क शहरात फास्टफूडच्या मोठ्या साखळ्यांसाठी नवा नियम लागू झाला. चार्ट चौदा दिवस आधी लावायचा. रात्री दुकान बंद करणाऱ्याला सकाळी उघडायलाही बोलावलं आणि मधे अकरा तास सुटले नाहीत, तर त्याची लेखी संमती घ्यायची आणि वर शंभर डॉलर द्यायचे. इथे रात्री साडेबाराला शटर ओढून सहाला इडलीचं भांडं चढवणाऱ्याला एक कटिंग मिळतो, आणि तोही त्यानेच केलेला.

चौदा दिवसांचं राहू द्या, मालकांनी चार्ट निदान गुरुवारी तरी लावावा आणि प्रत्येक शाखेत डोशावर दुसरा माणूस तयार करावा. मोरीवरची, टेबल पुसणारी कितीतरी पोरं दुपारच्या रिकाम्या तव्यावर हात बसवून घ्यायला एका पायावर तयार आहेत. फक्त शिकल्यावर त्यांना डोसामास्तरचा पगार द्यावा लागेल, आणि चारही शाखा आजवर एकेका अण्णांवर चालल्या आहेत त्या याच कारणाने.