कुत्रे गेले, सायकल राहिली

सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये कुत्रे असतात. पुण्याच्या खराडीतल्या टॉवरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्यांच्यावरून रात्री अकरानंतर युद्ध पेटतं, ते हे नव्हेत. हे म्हणजे फ्रीव्हीलच्या पोटातले पोलादाचे इवलेसे तुकडे. पायडल मारलं की ते दात्यांत अडकतात आणि चाक पुढे जातं; पाय थांबवला की दात्यांवरून घसरत कटकट करतात. ते झिजले की पायडल गरगर फिरतं, घाम येतो आणि सायकल जागची हलत नाही. नियोजन समितीच्या बैठकीशी एवढं हुबेहूब जुळणारं यंत्र दुसरं नसेल.

समजा, ईऑन आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याचे कुत्रे गेले. चार वर्षांपूर्वी, पर्यावरणाच्या भरात, त्याने २१ गिअरची सायकल घेतली होती. थिटे वस्तीच्या बाजूला फुटपाथवर पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन बसणाऱ्या मेकॅनिककडे तो ती ढकलत नेतो. मेकॅनिक चाक उलटं फिरवून कान लावतो आणि डॉक्टरी चेहऱ्याने सांगतो, ‘‘कुत्रे गेले. याचे सुटे नाय मिळत. आख्खं फ्रीव्हील टाका.’’

इथवर ठीक. पण फ्रीव्हील कधी एकटं जात नाही. सायकलच्या चेनीचा प्रत्येक सांधा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. वापराने पिना झिजतात आणि चेन लांबते. फूटभर लांबीत जेमतेम दोन मिलिमीटर वाढ झाली तरी ती बदलायच्या वयात आलेली असते. झिजल्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते आणि नव्या दात्यांवर जुनी चेन. वाड्याच्या मालकाला नवा भाडेकरू पटू नये, तसला प्रकार. त्यामुळे फ्रीव्हीलसोबत चेन आली, चेनीसोबत पुढचं चेनव्हील आलं; आणि ‘उघडलंच आहे तर’ या थोर मराठी तत्त्वानुसार बीबीचे, म्हणजे पायडलच्या आसाचे, छर्रेही आले. काही शेकड्यांचं काम मूळ सायकलच्या किमतीकडे आशेने बघू लागलं.

मग टायर. बाजूवर ‘२६ × १.७५’ असं छापलेलं. ऑनलाइन मागवलेल्या टायरवर ‘२६ × १¾’. शाळेत ज्याने अपूर्णांक नीट केले त्याला दोन्ही एकच वाटणार, आणि तिथेच तो फसणार. पहिला टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, दुसरा ५७१च्या. सायकलच्या जगात पावणेदोन म्हणजे पावणेदोन नसतात. अभियंत्याने इंजिनीअरिंगला गणितात डिस्टिंक्शन मिळवलेलं असतं, ते परत करावं की टायर, हा प्रश्न उरतो.

गिअरचा हँगर तर त्याहून बिलंदर. मागचा गिअर ज्यावर लटकतो तो हा ॲल्युमिनियमचा तुकडा मुद्दाम कमकुवत ठेवतात. सायकल पडली तर हा वाकावा आणि फ्रेम वाचावी, असा उदात्त हेतू. पण जवळपास प्रत्येक कंपनीने आपला हँगर वेगळ्या आकाराचा केला. सगळ्यांना चालेल असा एक हँगर स्रॅम कंपनीने २०१९मध्ये आणला, तोही मुख्यतः महागड्या सायकलींना. बाकीच्यांनी वाकलेला तुकडा खिशात घालून दुकानं हिंडावीत. खराडीतून पेठांत जायचं म्हणजे नगर रस्ता कापायचा. त्यासाठी कॅब. सायकलने वाचवलेलं पेट्रोल असं सायकलच्याच कामी येतं.

सरकार मात्र मागे नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५वर आला. शंभराच्या वस्तूमागे सात रुपये वाचले. कॅब पहिल्या सिग्नललाच ते फस्त करते. डिसेंबर २०२२मध्ये ग्राहकांच्या ‘दुरुस्तीच्या हक्का’चं पोर्टलही निघालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या ही चार क्षेत्रं होती. सायकल नव्हती. बहुधा ती बिघडत नाही असा समज असावा.

पुणे महापालिकेने २०१७मध्ये ८००हून अधिक किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. त्याच वर्षी भाड्याच्या सायकली आल्या. त्यातल्या ओफो कंपनीने २०१८मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. सायकली बनवणाऱ्या ॲटलास कंपनीने तर साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं देखणं संग्रहालय उभं केलंय. तिथल्या सायकलींना कुणी पायडल मारत नाही, म्हणून त्या सुखी आहेत.

इकडे मेकॅनिकसमोर सोसायटीचा वॉचमन आपली काळी सायकल उभी करतो. २८ × १½चं चाक, सिंगल फ्रीव्हील, कॉटर पिनेवर ठोकलेले क्रँक. तक्रार तीच, कुत्रे. मेकॅनिक फ्रीव्हील खोलतो, डबीतून दोन तुकडे आणि केसाएवढी स्प्रिंग काढतो, ग्रीस चोपडतो. विड्याचं पान लावण्याएवढा वेळ. हाच साचा लुधियानातून पिढ्यान्‌पिढ्या येतोय, त्यामुळे गावोगावच्या सायकलवाल्याच्या डबीत त्याचे सुटे भाग सापडतात.

अभियंत्याची सायकल ‘माल आला की सांगतो’ या बोलीवर तिथेच राहते. वॉचमनला दया येते. ‘‘साहेब, बसा मागं. गेटपर्यंत सोडतो.’’

साहेब हेल्मेट न काढता, हातमोज्यांसकट, कॅरियरवर बसतात. एकेकाळी पुण्यात डबल सीटला पोलीस अडवत. आता कुणी ढुंकूनही बघत नाही. फक्त मनगटावरचं घड्याळ थरथरतं. त्याने सायकलिंग ओळखलेलं असतं आणि साहेबांच्या कॅलरी मोजायला सुरुवात केलेली असते.