कोणापैकी हा मासा?

समोरच्याचं गाव आणि आडनाव कळल्याशिवाय नानांच्या घशाखाली घास उतरत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला ते मसालेभात यायच्या आत आजोळापर्यंत मागे नेतात. बँकेत उभी हयात सह्या पडताळण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तो सगळा संशय आफ्रिकन सिक्लिड माशांकडे वळला. मुलुंडच्या आमच्या इमारतीत कोणी कुर्ल्याच्या बाजारातून नवा मासा आणला, की पिशवी टाकीत सोडायच्या आत नाना टॉर्च घेऊन दारात.

"दुकानदार काय म्हणाला?"

"आफ्रिकन आहे म्हणाला, नाना."

"अगं, आफ्रिका काय दादरला आहे? तळं कुठलं? मलावी, टांगानिका की व्हिक्टोरिया?"

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी 'मिक्स आफ्रिकन' लिहिलेल्या टाकीतला एक ठिपकेदार मासा केवळ पडद्यांना शोभतो म्हणून उचलला होता. नाना टाकीसमोर उकिडवे बसले. पट्टे आडवे की उभे, ओठ जाड की पातळ, पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके आहेत का, सगळी तपासणी झाली. शेवटी "मलावीचा वाटतो, पण घराणं कळत नाही" असं म्हणून चहा न घेता निघून गेले. नानांनी चहा नाकारणं ही आमच्याकडे गंभीर बाब समजतात.

आता, नुसता चौकसपणा म्हणून याला हसता येत नाही. मलावीच्या एका तळ्यात सिक्लिडांच्या शेकडो जाती, आणि प्रत्येकीचं ताट वेगळं. खडकांत राहणारे म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून जगतात. त्यांना लाडाने रोज ब्लडवर्म घातले तर पोट फुगून मरायची भीती. उलट काही जाती सरळ दुसरे मासे गिळतात. नाव चुकलं की जेवण चुकलं. जेवणात चुकू नये म्हणून नाना स्वतःच्या म्बुनांना मटार उकडून, सालं काढून, कुस्करून घालतात. माशाशिवाय ज्याचं जेवण होत नाही, अशा माणसाने शाकाहारी मासे पाळावेत, हे नानींना अजून पचलेलं नाही.

पाण्याचीही तीच तऱ्हा. मलावीचं पाणी जड आणि अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास. आपलं भातसा-तानसाचं मऊ. म्हणून घरात तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपल्या उकळून, घासून, फोडून फिल्टरमध्ये जातात. "बाजारातून तिसऱ्या आपल्यासाठी आणतात की त्यांच्यासाठी, देव जाणे," नानी म्हणतात. या माशांच्या माद्या अंडी आणि पिल्लं तोंडात धरून तीनेक आठवडे जवळजवळ उपाशी राहतात, हे नानांनी एकदा कौतुकाने सांगितलं. "तीन आठवडे तोंड मिटून?" नानींनी विचारलं, "मग तुम्ही त्यांच्याकडून काहीच कसं शिकला नाहीत?"

तर वहिनींचा मासा. एका रविवारी सकाळी तो तळाच्या वाळूवर आडवा पडलेला दिसला. वहिनी रडवेल्या, हातात जाळी. नाना जिना चढून आले, वाकून पाहिलं आणि चेहरा उजळला.

"जाळी ठेव खाली! सोंग आहे ते."

तेवढ्यात एक चौकस निऑन टेट्रा प्रेताची विचारपूस करायला जवळ आला. प्रेताने मान वळवली. टेट्रा नाहीसा.

"लिव्हिंगस्टोनाय!" नाना ओरडले. "मेल्याचं सोंग करून शिकार करतो. तळ्यावरचे लोक याला झोपाळू म्हणतात. वीतभर वाढेल, टाकी मोठी घे. आणि टेट्रा इथे ठेवलेसच कसे? त्यांना मऊ पाणी लागतं!"

"पण नाना, माझे टेट्रा..."

"किती होते?"

"दहा."

नानांनी टॉर्च मारून मोजले. तीन उरले होते. त्यांनी खिशातली वही काढली आणि 'लिव्हिंगस्टोनाय, मु. पो. मलावी' अशी नोंद करून खाली तारीख घालून सही केली. मग आरामात सोफ्यावर टेकून म्हणाले,

"आता चहा टाक. साखर थोडी जास्त."