हरणाऱ्याचं शेपूट

माझी बायको धारवाडची, त्यातही मालमड्डीची, आणि मी पुण्याचा. त्यामुळे तुलना हा आमच्या घरात लग्नापासून चालत आलेला विषय आहे. निवृत्तीनंतर धारवाडात राहायला आलो तेव्हा ठरवून टाकलं, की इथून पुढे वाद घालायचा तो कन्नडात. धीर यावा अशी उदाहरणंही या गावात आहेत. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, पण गृहस्थांनी कन्नडात कविता लिहून १९७३ चं ज्ञानपीठ घेतलं. त्यांच्याही आधी बासेल मिशनचा किटेल पार जर्मनीहून इकडे आला आणि १८९४ साली कन्नडचा जाडजूड कोश छापून मोकळा झाला. मी तर नुसता खंबाटकी आणि निपाणी ओलांडून आलो होतो. मला काय धाड भरणार होती?

भरली. तुलनेतच भरली.

सुरुवात पुतणीने करून दिली. ती पुण्यात स्पॅनिश शिकते आणि फोनवर मलाही शिकवते. ‘काका, एकदम सोपं असतं. इंग्रजीत टॉलचं टॉलर करायचं, शब्द लांबलचक असला तर आधी मोअर लावायचं. स्पॅनिशात तीही भानगड नाही. विशेषणाआधी मास आणि नंतर के, झालं! मेहोर, पेओर असे थोडे शब्द तेवढे हट्टी.’ मला हे इतकं पटलं, की मी लगेच कन्नडातला ‘मास’ शोधून काढला. तो ‘हेच्चु’. मग लाइन बाजारात जाऊन, धारवाडी पेढा उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने इथे आणला वगैरे माहिती मनातल्या मनात घोळवत, एका दुकानात मी अर्धा किलो पेढे घेतले आणि यापेक्षा चांगले द्या, हे सांगण्यासाठी ऐटीत म्हणालो, ‘हेच्चु छलो पेढे कोडरि.’ त्या भल्या माणसाने ‘जास्त’ तेवढं ऐकलं आणि साखरेची गोळी घेणाऱ्या माणसाच्या हातात किलोभर पेढे दिले.

‘अहो, कन्नड आपल्या मराठीसारखंच चालतं,’ बायको पेढ्याचा डबा वरच्या फळीवर ठेवत म्हणाली. ‘विशेषणाला हात लावायचा नाही. मराठीत पेक्षा, कन्नडात गिंत, कुठे क्किंत. जो हरतो त्याच्या मागे शेपूट लावायचं. ननगिंत नी शाण्याकि. म्हणजे माझ्यापेक्षा तू शहाणी.’ उदाहरण तिनेच निवडलं होतं.

नियम एका ओळीचा. पण माझी पंचाईत अशी, की बोलायला लागलो की ज्याचं कौतुक करायचंय त्याचंच नाव आधी तोंडात येतं, आणि तोंडात आलेल्या पहिल्या नावाला मी घाईघाईने शेपूट चिकटवून मोकळा होतो. हुबळी स्टेशनवर नेमकं हेच झालं. सिद्धारूढ स्वामींच्या नावाच्या या स्टेशनाला १५०७ मीटर लांबीचा प्लॅटफॉर्म आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि १३६६ मीटरवाला गोरखपूर मागे पडला. एवढी माहिती जवळ असताना गप्प बसणं मला जमत नाही. बॅग उचलणाऱ्या हमालाला खूश करावं म्हणून मी म्हणालो, ‘हुब्बळ्ळिगिंत गोरखपूर उद्द!’ उद्द म्हणजे लांब.

त्याने डोक्यावरची बॅग खाली ठेवली. ‘एन अंदरि?’

त्याला नीट ऐकू आलं नसावं अशा समजुतीने मी तेच वाक्य मोठ्याने, शब्द सुटे करून, बोट ईशान्येकडे रोखून पुन्हा म्हटलं. आजूबाजूचे दोघेतिघे वळून बघायला लागले. हमालाने शांतपणे बॅग परत डोक्यावर घेतली, ‘बर्रि, तोरसतेनि’, म्हणजे ‘या, दाखवतो’, म्हणाला आणि चालायला लागला. गाडीला भरपूर वेळ होता, हे माझं दुर्दैव. आमच्या डब्याची जागा मागे पडली, चहावाले संपले, बाकं संपली, माणसं संपली, माझ्या गुडघ्यांतलं वंगण तर केव्हाच संपलं, पण प्लॅटफॉर्म संपेना. टोकाला पोचल्यावर तो वळला. ‘ईग हेळरि.’ आता बोला.

‘गोरखपुरक्किंत हुब्बळ्ळि उद्द,’ मी धापा टाकत म्हणालो.

तो प्रसन्न हसला. जास्तीच्या अंतराचे पैसेही त्याने घेतले नाहीत. परत यायचं अंतर मात्र तेवढंच निघालं.

त्यानंतर मी जिद्दीला पेटलो. सकाळी दाढी करताना, फिरताना, भाजी निवडताना हरणारे आणि जिंकणारे घोकत राहिलो. धारवाडचा पाऊस, हुबळीचं ऊन, साताऱ्याचा कंदी पेढा, सगळ्यांना आळीपाळीने शेपटं लावून पाहिली. आणि परवा मालमड्डीला सासूबाईंकडे जेवायला गेलो. पानात पापुद्र्यासारखी जोळद रोट्टी, एण्णगाई, त्यावर तेलाचा लाल तवंग, बाजूला कारळाची चटणी. दुसरी भाकरी मोडता मोडता मला एकाएकी वाचा फुटली. कुठेही न अडखळता, बायको शेजारी उभी राहून वांगं वाढत असताना, मी खणखणीत आवाजात म्हणालो, ‘नन्न हेंडतिगिंत नीवु रोट्टि छलो माडतीरि!’ म्हणजे, माझ्या बायकोपेक्षा भाकरी तुम्ही छान करता.

वाक्य निर्दोष होतं. शेपूट जिथे लागायला हवं बरोबर तिथेच लागलं होतं. सासूबाईंनी खुशीने आणखी एक भाकरी पानात टाकली आणि जावयाला आता किती छान कन्नड येतं, हे लेकीला सांगितलं.

वांग्याचं भांडं खाली ठेवत बायको शुद्ध मराठीत म्हणाली, ‘उद्यापासून इथेच जेवत जा.’